दोन घरचा पाहुणा

जुनी वस्तू विकत घेण्यात मराठी मध्यमवर्गीयाचा हात धरणारा जगात दुसरा कोणी नसेल. आपली शाळेची पुस्तके जुन्या बाजारातली, सदरा थोरल्या भावाचा, सायकल मामाची आणि लाकडी कपाट कुठल्यातरी बदली झालेल्या मामलेदाराचे. नवी वस्तू घेताना आपण बावचळतो. दुकानदार सांगेल ती किंमत मोजून गुपचूप बाहेर पडतो. पण जुनी वस्तू समोर आली की अंगात नाना फडणवीस संचारतात. १९७० च्या दशकात नव्या बजाज स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट बघावी लागे, त्यामुळे जुनी स्कूटर कधीकधी नवीपेक्षा महाग जाई. ती बघायला जाताना बरोबर एक ‘जाणकार’ असायचाच. तो टाकीचे झाकण उघडून वास घेई, सायलेन्सरमध्ये बोट घालून काजळी बघे, स्टँडवर चढवून चाक फिरवी आणि शेवटी टायरला एक लाथ मारी. या लाथेतून त्याला काय कळत असे ते मला आजतागायत कळलेले नाही. पण लाथ बसल्यावर मालक शंभर रुपये खाली उतरत असे, एवढे खरे.

हे सगळे पिढीजात शास्त्र ज्याच्यापुढे निकामी ठरावे असा एक प्राणी आता बाजारात आला आहे. त्याचे नाव प्लग-इन हायब्रीड. ही मोटार पेट्रोलवरही चालते आणि विजेवरही. रात्री घरच्या प्लगला लावून ठेवली की सकाळी वीस-तीस मैल निमूटपणे विजेवर जाते. वीज संपली की इंजिन जागे होते आणि पुढचा प्रवास पेट्रोलवर. साधी हायब्रीड आपल्यापुरती वीज चालता चालता स्वतःच करून घेते. हिला बाहेरून भरवावी लागते, हा दोघींतला फरक. ऐकायला किती छान! पण आपल्या वाडवडिलांनी एक म्हण करून ठेवली आहे: दोन घरचा पाहुणा उपाशी. या घरचे म्हणतात तो तिकडे जेवला असेल, त्या घरचे म्हणतात तो इकडे जेवून आला असेल. जुनी प्लग-इन हायब्रीड बघायला जाताना दुसरे काही नेले नाही तरी चालेल, ही म्हण मात्र बरोबर न्यावी.

हा पाहुणा आमच्या घरी यायची वेळ २०२४ साली आली. आमची धाकटी लेक आणि जावई लंडनच्या दक्षिण अंगाला, क्रॉयडनजवळ राहतात. आम्ही दोघे तेव्हा दोन वर्षांच्या नातीला सांभाळायला सहा महिने तिकडे होतो. लेक एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहे. पाळी कधी पहाटेची, कधी रात्रीची, त्यामुळे मोटारीवाचून गत्यंतर नाही. त्यांची जुनी डिझेल गाडी चांगली होती, पण २९ ऑगस्ट २०२३ पासून धुरकट गाड्यांवरचा आकार लंडनने थेट आपल्या वेशीपर्यंत वाढवला. नियमात न बसणारी गाडी रस्त्यावर आणली की दिवसाला साडेबारा पौंड. आणि दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र. रात्री दहाला कामावर जाऊन सकाळी सातला परतणाऱ्या माणसाला त्याच एका खेपेचे दोन दिवस पडतात. लेकीच्या महिन्याचा गुणाकार मी मनातल्या मनात केला, मग त्याचे रुपये केले, आणि पाणी मागितले.

त्यांच्याजवळ साठवलेले आठ हजार पौंड होते. पूर्ण विजेची गाडी घ्यावी तर जावईबापूंना महिन्यातून एकदा न्यूकॅसलला जावे लागते, ते जवळजवळ तीनशे मैल. तेव्हा रोजच्याला वीज आणि लांबच्याला पेट्रोल, असा हिशेब ठरला. मात्र आठ हजारांत येणार ती जुनीच. आणि तिची बॅटरी बसली तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या घरात जाणार. म्हणजे एकदा पाऊल चुकले की तीन वर्षांची काटकसर गटारात.

“बाबा, तुम्ही जरा वाचून बघा ना याच्याबद्दल,” लेक म्हणाली. “आम्हाला दोघांना वेळ नाही.”

“त्यांना मोटारीतलं काय कळतं?” ही म्हणाली. “जन्मभर पानिपत शिकवलंय.”

पानिपतात काय चुकले ते चाळीस वर्षे शिकवल्यानंतर माणूस खरेदीच्या बाबतीत सावध होतो, असे मी म्हणालो नाही. जावयासमोर तिच्याशी वाद घालू नये एवढे मला कळते. मी वाचायला बसलो.

आपल्याकडे स्थळ बघताना आधी घराणे बघतात. मीही तेच केले. घराणे चांगले सव्वाशे वर्षांचे निघाले. १९०० साली व्हिएन्नामध्ये लोनर नावाची घोडागाड्या बांधणारी पेढी होती. तिच्याकडे फर्डिनांड पोर्शे नावाचा पंचविशीतला तरुण कामाला होता. त्याने आधी चाकांच्या तुंब्यातच विजेच्या मोटारी बसवून एक गाडी केली. ती त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडली गेली. पण बॅटऱ्या शिशाच्या. वजन हत्तीचे आणि दम शेळीचा. मग त्याने गाडीत दोन छोटी पेट्रोल इंजिने घातली. इंजिनांनी वीज तयार करायची आणि विजेने चाके फिरवायची. या गाडीला त्याने लॅटिन नाव दिले ‘सेम्पर व्हिव्हस’, म्हणजे सदैव जिवंत. आपण लग्नपत्रिकेत नावामागे ‘चिरंजीव’ लावतो, तसाच प्रकार.

चिरंजिवांना आयुष्य मात्र लाभले नाही. खरे म्हणजे तो काळ विजेला अनुकूल होता. अमेरिकेत १९०० च्या सुमाराला रस्त्यावरच्या मोटारींपैकी साधारण तिसरा हिस्सा विजेच्या होत्या. धूर नाही, आवाज नाही, आणि समोर उभे राहून हँडल मारताना हात मोडण्याची भीती नाही. साक्षात हेन्री फोर्डची पत्नी क्लारा विजेची डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. घरोघरी पेट्रोलची गाडी नेणाऱ्याच्या स्वतःच्या घरात विजेची! गावभर गुळाचे पदार्थ विकणाऱ्याच्या बायकोने साखरेचा चहा प्यावा, तसे हे झाले.

१९१२ साली चार्ल्स केटरिंगचा स्वयंचलित स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला आणि पारडे फिरले. बटण दाबले की इंजिन सुरू. हा स्टार्टर म्हणजे काय, तर एक विजेची मोटार आणि तिची बॅटरी! विजेच्या गाडीचा घात विजेनेच केला. घरभेदी लागतोच, आम्ही इतिहासाचे मास्तर हे पोटतिडकीने शिकवत आलो आहोत, पोरे फक्त गुण मिळवतात.

तरीही १९१७ साली शिकागोच्या वूड्स कंपनीने दोन्ही घरची मैत्री जमवून पाहिली. गाडीचे नाव ‘ड्युअल पॉवर’. ताशी पंधरा मैलांपर्यंत ती विजेवर चाले, त्यापुढे पेट्रोलवर, आणि जास्तीत जास्त वेग ताशी पस्तीस मैल. किंमत २,६५० डॉलर. त्याच वेळी फोर्डची मॉडेल टी चारशे डॉलरांच्या आत मिळत होती. गिऱ्हाइकांनी कोणता निर्णय घेतला असेल ते सांगायला इतिहासाचा मास्तर लागत नाही. १९१८ पर्यंत खेळ आटोपला.

मग पन्नास वर्षे सामसूम. १९६९ साली जनरल मोटर्सने प्लगला लावायची एक चिमुकली नमुना-गाडी लोकांना दाखवली आणि परत ठेवून दिली. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा नळ आवळला आणि जगाला घाम फुटला. आपल्याकडे पेट्रोल महागल्याच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले, तो हाच काळ. अमेरिकेत व्हिक्टर वूक या इंजिनिअराने १९७४ साली एका ब्युइक गाडीत इंजिनाच्या जोडीला विजेची मोटार बसवून ती सरकारी तपासणीला दिली. सरकारने ती तपासली, आणि पुढे योजनाच गुंडाळली. सरकारी कचेऱ्यांचा स्वभाव देशोदेशी सारखाच असतो, याचा मला नेहमीच दिलासा वाटतो.

डिसेंबर १९९७ मध्ये जपानात टोयोटाची प्रियस आली आणि हायब्रीड हा शब्द घरोघरी झाला. पण तिला प्लग नव्हता. २००४ साली कॅलिफोर्नियातल्या काही हौशी मंडळींनी प्रियस फोडली, मागे जास्तीच्या बॅटऱ्या भरल्या आणि बाहेर वायर काढून ती भिंतीच्या प्लगला लावली. त्याच वर्षी आपल्या बंगळुरूची चिमुकली रेवा ‘जी-विझ’ नाव घेऊन लंडनच्या रस्त्यांवर धावू लागली होती, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो. परदेशात आपले माणूस दिसले की ओळख दाखवावी. पुढे डिसेंबर २००८ मध्ये चीनच्या बीवायडीने एफ-थ्री-डीएम ही कारखान्यातून रांगेने निघणारी पहिली प्लग-इन हायब्रीड आणली, आणि डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेची शेव्हरोले व्होल्ट आली. तिची बॅटरी १६ युनिटांची. पण कंपनीने शहाणपणाने त्यातली दहाएक युनिटेच वापरायला मोकळी ठेवली. कोठीतले सगळे धान्य सुनेच्या हाती न देणाऱ्या सासूसारखे. त्यामुळेच या बॅटऱ्या पुष्कळ टिकल्या.

आता ब्रिटन. तिथे २०११ पासून प्लगच्या गाडीवर सरकार पाच हजार पौंडांपर्यंत सूट देऊ लागले. शिवाय कंपनीने नोकराला दिलेल्या गाडीवरचा करही धूर कमी म्हणून कमी. २०१४ साली मित्सुबिशीची आउटलँडर तिथे आली. सरकारी कागदावर तिचा आकडा होता गॅलनला १४८ मैल, म्हणजे आपल्या भाषेत लिटरला बावन्न किलोमीटर. ‘अॅव्हरेज किती देते?’ या आपल्या राष्ट्रीय प्रश्नाला इतके गोड उत्तर कोणी कधी दिले नसेल. कंपन्यांनी अशा गाड्या धडाधड घेतल्या. २०१८ च्या शरदात सरकारने या गाड्यांची सूट बंद केली, आणि त्याच सुमाराला बीबीसीने एक बातमी दिली. कंपन्यांच्या सुमारे दीड हजार प्लग-इन हायब्रीड गाड्यांचा हिशेब तपासला गेला होता. जाहिरातीतली सरासरी गॅलनला १३० मैलांची. प्रत्यक्षात पडत होते सुमारे ४०. काही गाड्यांच्या चार्जिंगच्या वायरी तर वेष्टनातून बाहेरही निघाल्या नव्हत्या.

इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकाच सालच्या, एकाच रंगाच्या, शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन गाड्या. एकीच्या इंजिनाने जन्मभर राबावे आणि दुसरीचे इंजिन महिनोन्‌महिने झोपलेले असावे. मैलांचा काटा दोघींचा सारखा. म्हणजे ही गाडी घेताना प्रश्न ‘किती चालली?’ एवढाच नसून ‘कशावर चालली?’ हा आहे. आणि हा प्रश्न मेकॅनिकचा कमी आणि इतिहासाचा जास्त आहे.

आमच्या धंद्यात साधने दोन प्रकारची. एक बखर, दुसरे अस्सल कागद. बखर मागाहून लिहिलेली असते, भाषा रसाळ असते आणि धन्याला बरे वाटेल तेवढेच तिच्यात येते. अस्सल कागद म्हणजे त्या त्या दिवशी, त्या त्या कामासाठी लिहिलेले रुक्ष पत्र. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून लोकांच्या माळ्यांवरची दप्तरे सोडवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ बावीस खंडांत छापली, ती याच कागदांसाठी. जुन्या गाडीच्या बाबतीत विकणाऱ्याचे बोलणे ही बखर. कागद वेगळे असतात.

ब्रिटनमध्ये ते मिळतातही. गाडी तीन वर्षांची झाली की तिची दरवर्षी सक्तीची तपासणी होते. नुसता गाडीचा नंबर टाकला की प्रत्येक तपासणीची तारीख, त्या दिवशीचा मैलांचा काटा आणि सापडलेले दोष सरकार कोणालाही फुकट दाखवते. कंपनीने सुरक्षेसाठी परत बोलावलेल्या गाड्यांचीही अशीच नोंद मिळते. आणि ती बघायलाच हवी. २०२० साली फोर्डच्या कुगा प्लग-इन हायब्रीडची बॅटरी तापून पेटण्याची भीती निघाली, तेव्हा मालकांना गाडी चार्जच करू नका म्हणून सांगावे लागले होते. तिसरा कागद हमीचा. अनेक कंपन्या बॅटरीची हमी आठ वर्षे किंवा एक लाख मैल, यांतले जे आधी होईल तोपर्यंत देतात. बॅटरीची ताकद कितीच्या खाली गेली म्हणजे हमी लागू होते, ते बारीक टाइपात असते. बारीक टाइप मोठ्याने वाचायचा, हा माझा जुना नियम.

पहिली गाडी आम्ही बघितली ती एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे. चार वर्षांची, काटा ८० हजार मैलांवर. व्यापाऱ्याने डिकी उघडली आणि कौतुकाने चार्जिंगची वायर काढून दाखवली. चकचकीत सेलोफेनमध्ये गुंडाळलेली.

“अगदी कोरी आहे, सर!”

जावईबापू हरखले. “बघा बाबा, किती जपून वापरलीय!”

“अहो जावईबापू,” मी हळूच म्हणालो, “लग्नात आलेला ग्रंथ दहा वर्षांनी वेष्टनासकट सापडला, तर त्याला जपून वाचला म्हणतात का?”

वायर कोरी, याचा अर्थ ८० हजार मैलांचे ओझे इंजिनाने वाहिले, आणि बॅटरीचेही ओझे त्यानेच वाहिले. बॅटरी कदाचित ठणठणीत असेलही. पण आपण पैसे मोजणार ते कमी वापराच्या इंजिनाचे. आम्ही चहा न घेता निघालो. त्याने विचारलाही नव्हता.

दुसरी गाडी एका खाजगी गृहस्थांच्या दारात. काळीभोर, आरशासारखी. गृहस्थ इतके गोड बोलत होते की मला सभासदाची बखर आठवली. जावईबापूंनी फोनवर नंबर टाकला. २०२१ च्या तपासणीत काटा ५१ हजार मैल. २०२२ च्या तपासणीत ३८ हजार.

“लिहिणाऱ्याची गडबड झाली असेल,” गृहस्थ म्हणाले.

होऊ शकते. मी चाळीस वर्षे हजेरीपट भरले आहेत. पण मग तसा दाखला दाखवा म्हटल्यावर त्यांना एकाएकी कुठेतरी जायचे आठवले. वर्षभर गाडी फक्त मागे मागे चालवली असेल, असे हिने मत दिले.

तिसरी गाडी होती एका निवृत्त बसचालकाची. एकटेच राहायचे. गाडी सात वर्षांची, काटा ४४ हजारांवर. नजर अधू झाल्यामुळे गाडी चालवणे बंद झाले होते. मी माझी यादी काढली. गृहस्थांनी ती मागून घेतली, भिंगातून वाचली आणि म्हणाले, “एकेक करू या.”

तेव्हा एकेक केले. गाडी आदल्या रात्रीपासून थंड होती, हे बॉनेटवर हात ठेवून बघितले. गरम इंजिन आपली दुखणी लपवते. बटण दाबले, गाडी विजेवर निःशब्द जागी झाली. मग मुद्दाम इंजिन सुरू करायला लावले. अशा गाडीचे इंजिन फार वापरले गेले नसेल तर आनंद मानायचे कारण नाही. तेल मैलांवर नाही तरी महिन्यांवर खराब होते, आणि टाकीतले पेट्रोलही शिळे होते. व्होल्टसारखी गाडी तर सहाएक आठवडे इंजिन लागले नाही की आपणहून ते थोडा वेळ चालवते, आणि पेट्रोल वर्षभर पडून राहिले की ते संपवून टाकते; पण सगळ्याच गाड्या इतक्या सुगृहिणी नसतात. म्हणून तेल कधी बदलले त्याच्या तारखा बघायच्या.

मग ब्रेक. या गाड्या वेग कमी करताना मोटारीनेच वीज परत मिळवतात, त्यामुळे खरे ब्रेक कमी वापरले जातात आणि पत्र्याच्या छत्रीसारखे गंजतात. मागच्या चाकांच्या ब्रेकच्या तबकड्या खरोखरच गंजल्या होत्या. गृहस्थांनी ते आधीच सांगितले. मग बारा व्होल्टची लहान बॅटरी. मोठ्या बॅटरीत गाव उजळेल एवढी वीज असली, तरी गाडी जागी करायचे काम या धाकटीचे. ती मेली तर गाडी ढिम्म हलत नाही. घरात शंभर पोती धान्य आणि काडेपेटी नाही, असा प्रकार. ती दोन वर्षांपूर्वी नवी घातली होती. टायर सगळीकडून सारखे झिजलेले. बॅटरीच्या खालच्या अंगाला ठोकर किंवा पाण्याची खूण नाही. नारिंगी रंगाच्या जाड तारा मात्र लांबूनच बघितल्या; नारिंगी म्हणजे भारी दाबाची वीज, तिथे बोट घालणारा ‘जाणकार’ पुन्हा दुसऱ्या स्कूटरला लाथ मारायला उरत नाही. हीटर लावून बघितला, कारण काही गाड्यांत ऊब हवी म्हटले की इंजिनच सुरू होते आणि थंडीत विजेचा हिशेब कोसळतो. चार्जिंगच्या खाचेतले पिन वाकलेले नव्हते, वायर वापरून मऊ झालेली होती. झाकणाची कडी तेवढी तुटलेली.

राहिली मुख्य गोष्ट, बॅटरीची ताकद. गाडी पुढच्या काचेखाली ‘इतके मैल जाईन’ असा आकडा दाखवते, पण तोही बखरीतलाच. आधीचा माणूस कसा चालवायचा त्यावरून तो ठरतो. खरा मार्ग एकच. पूर्ण चार्ज करून निघायचे आणि इंजिन लागेपर्यंत मैल मोजायचे. आम्ही मोजले. बावीस. नवी असताना ती अठ्ठावीस जायची.

“तुम्हाला कसं माहीत?” मी विचारले.

गृहस्थांनी हातमोज्यांच्या कप्प्यातून एक निळी वही काढून दिली.

सात वर्षांची वही. तारीख, मैल, भरलेली युनिटे, भरलेले पेट्रोल, आणि शेवटी एक-दोन शब्द. ‘बाजार’, ‘समुद्र’, ‘मुलगी’. सुरुवातीला सव्वीस-अठ्ठावीस मैल, थंडीत बावीस. पुढे हळूहळू उतरत गेलेले. मी पाने उलटत होतो. २०२१ च्या वसंतात रोज एकच नोंद यायला लागली. अकरा मैल, इस्पितळ. अकरा मैल, इस्पितळ. अशी साडेतीन पाने. मग ती नोंद थांबली. त्यानंतर महिन्याला एखादी ओळ: ‘इंजिन वीस मिनिटे चालवले.’

मी वही मिटली. अस्सल कागद वाचायची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी काही विचारावे लागत नाही. हिनेही विचारले नाही. तिने फक्त पिशवीतून डबा काढला आणि बेसनाचे दोन लाडू त्यांच्या हातावर ठेवले.

तरी व्यवहार तो व्यवहार. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडीच्या खाचेत आपले यंत्र लावून बॅटरी वाचली. ताकद शेकडा ८१. वहीशी ताडून पाहिले, मेळ बसला. कंपनीची हमी अजून अकरा महिने शिल्लक होती. गृहस्थ ८,२०० पौंड म्हणत होते. ब्रेकच्या तबकड्यांचा आणि कडीचा खर्च त्यांनी स्वतःच कागदावर मांडून वजा केला आणि ७,८५० वर आले. मला काही बोलावेच लागले नाही. आयुष्यात घासाघीस न करता घेतलेली ही माझी पहिली जुनी वस्तू. हाताला जरा चुकल्याचुकल्यासारखे वाटले.

निघताना जावईबापूंनी वही परत करायला पुढे केली. गृहस्थ म्हणाले, “ती गाडीची आहे.”

वही अजून गाडीतच असते. लेक कामावरून आली की लिहिते, कधी इंग्रजीत, कधी मराठीत. परवा फोनवर तिने मला एक पान वाचून दाखवले. ‘१२ जानेवारी. बर्फ. १७ मैल. बाळ मागे झोपली होती, इंजिन लागलं आणि उठली.’

“अगं, हे कशाला लिहिलंस?” मी म्हणालो. “युनिटं किती भरली ते लिही.”

“ते पण लिहिलंय हो, बाबा,” ती म्हणाली. “साडेआठ.”